कोवाल्स्की, कोवाल्चिक, कोवाल: पोलंडमधल्या ‘लोहार’ आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम पगारपत्रकांचं. व्रोत्सवाफ शहरातल्या एका कचेरीत दर महिनाअखेरीला शेकडो पोलिश आडनावं डोळ्यांखालून जातात. त्यांत ‘कोवाल’ने सुरू होणारी इतकी असतात की यादी खाली सरकवताना पडदा अडकला की काय असं वाटतं. इथे नव्याने येणारे मराठी लोक आणि गावाकडून फोन करणारे नातेवाईक त्याच त्या शंका काढतात. तोंडी सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

कोवाल्स्की म्हणजे नेमकं काय?

लोहारी. शब्दशः तेवढंच.

पोलिशमध्ये ‘कोवाल’ म्हणजे लोहार. तापलेलं लोखंड ठोकून घडवणं या क्रियेचं जुनं स्लाव्ह मूळ त्यामागे आहे, आणि त्या मुळाची पिलावळ मोठी आहे. ऐरणीला म्हणतात ‘कोवाद्वो’. घोड्याच्या नालेला ‘पोदकोवा’, म्हणजे खालून ठोकलेली. लोहाराच्या कामाच्या जागेला ‘कुझ्न्या’. आणि ‘कोवाल’ला ‘स्की’ लागला की विशेषण होतं: लोहाराचा, लोहारी. हे विशेषण आडनावापुरतं उरलेलं नाही. आजही हत्यारांच्या दुकानात लोहारी हातोडा मागायचा तर ‘म्वोतेक कोवाल्स्की’ म्हणतात. पहिल्यांदा ती चिठ्ठी पाहिली तेव्हा मला हा कुणा कोवाल्स्कीच्या कारखान्याचा हातोडा वाटला होता.

म्हणजे आपल्याकडचं ‘लोहार’ आडनावच ना?

अर्धं हो, अर्धं नाही. नुसतं ‘कोवाल’ आडनाव असेल, तेही इथे आहे, तर ते आपलं ‘लोहार’. पण ‘कोवाल्स्की’ दोन वाटांनी आलेलं असू शकतं. एक वाट सरळ: लोहाराचा मुलगा, लोहाराच्या घरचा. दुसरी वाट गावावरून. पोलंडमध्ये कोवाले नावाची गावं बरीच आहेत, आणि ‘स्की’ हा आपल्या ‘कर’सारखाही चालतो. तेव्हा कोवाले गावचा तो कोवाल्स्की. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात लोहारा आहे, शिवाय लोहारवाड्या किती तरी. त्या गावचा माणूस लोहारवाडीकर झाला तर त्याच्या घरात कधी कुणी भाता ओढला असेलच असं नाही. तसंच हे.

ही गावं झाली कशी, तो भाग मला सगळ्यांत आवडतो. पोलंडच्या पहिल्या राजवंशाच्या, म्हणजे पिआस्तांच्या काळी राजाच्या गढीभोवती सेवेची गावं वसवलेली होती. एकेका गावाने एकेक काम करायचं. ढाली करणाऱ्यांचं गाव श्चित्निकी, भाल्याची पाती करणाऱ्यांचं ग्रोत्निकी, चांभारांचं शेफ्त्से, पाव भाजणाऱ्यांचं पिएकारी, शिकारी कुत्री सांभाळणाऱ्यांचं प्सारी. आणि लोहारांचं कोवाले. तेराव्या शतकाच्या सुमारास ही व्यवस्था मोडत गेली, पण गावांची नावं राहिली. आज तिथे बसथांबे आहेत, गोदामं आहेत, आणि पाटीवर ‘ढालकरी’ असं लिहिलेलं आहे.

कोवाल नावाचं एक छोटं शहरही आहे, मध्य पोलंडच्या कुयावी भागात. राजा कझिमिएश, ज्याला पोलिश लोक ‘थोर’ म्हणतात, तो ३० एप्रिल १३१० ला तिथे जन्मला. म्हणजे पोलंडचा सगळ्यांत नावाजलेला राजा जन्माने ‘लोहारगावकर’.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे लोहार म्हटलं की जात समोर येते. इथे आडनावावरून जात कळत नाही, कारण जातच नाही. कोवाल्स्कीने कुणाशी लग्न करावं हे आडनाव ठरवत नाही.

मग दोन कोवाल्स्की एकमेकांचे नातेवाईक असतात का?

सहसा नाही. प्रत्येक पंचक्रोशीत लोहार होता, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी आपापलं उगवलं. आमच्या इमारतीत दोन कोवाल्स्की घरं आहेत. त्यांच्यातलं नातं एवढंच की टपालवाला एकाची पत्रं दुसऱ्याच्या पेटीत टाकतो.

कोवाल्चिक, कोवालिक, कोवालेव्स्की ही याचीच भावंडं का?

हो. ‘चिक’ आणि ‘इक’ हे लहानपण किंवा मुलगेपण दाखवणारे प्रत्यय. कोवाल्चिक म्हणजे लोहाराचं पोर किंवा लोहाराकडे हाताखाली शिकणारा. कोवालिकही तसंच. पण ‘कोवालिक’ हे एका पक्ष्याचंही नाव आहे: राखाडी-निळ्या पाठीचा, झाडाच्या खोडावरून डोकं खाली करून उतरणारा, आणि चोचीने ठकठक करणारा. ठोकतो म्हणून छोटा लोहार. उन्हाळ्यात झाडांच्या बुंध्याशी घोळक्याने दिसणारा लाल-काळा किडाही पोलिशमध्ये ‘बिनपंखी लोहार’. एकदा हा शब्द कानाला ओळखीचा झाला की तो सगळीकडे ऐकू येऊ लागतो.

कोवालेव्स्की सहसा कोवालेवो नावाच्या गावांवरून. पूर्वेकडे सरकलं की युक्रेनमध्ये हेच कोवाल, कोवालेन्को, कोवाल्चुक होतं. गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया ही रशियन. १८८९ मध्ये ती स्टॉकहोमला पूर्ण प्राध्यापक झाली. तिचं हे आडनाव नवऱ्याकडून आलेलं, आणि त्याच्याही पोटात लोहार बसलेला आहे.

नवरा कोवाल्स्की आणि बायको कोवाल्स्का. टंकनात चूक झालीय का?

नाही, आणि कृपा करून ‘दुरुस्त’ करू नका. मी केली होती. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका कर्मचारी बाईंच्या विम्याच्या अर्जावर नवऱ्याचं आडनाव ‘कोवाल्स्की’ आणि त्यांचं ‘कोवाल्स्का’ दिसलं. मला वाटलं घाईत एक अक्षर चुकलंय. मी शेवटचं अक्षर बदलून दोन्ही सारखी केली आणि अर्ज पुढे पाठवला. चार दिवसांनी तो परत आला: अशी कुणी व्यक्ती नोंदीत नाही. त्या बाई हसल्या. मग माझ्या टेबलाशी येऊन कागदावर त्यांनी अख्खा विभक्तीचा तक्ताच काढून दिला.

मुद्दा असा की आडनाव विशेषण आहे, म्हणून ते विशेषणासारखं चालतं. आपण ‘काळा घोडा, काळी घोडी’ म्हणतो ना, तसं. पुरुष कोवाल्स्की, बाई कोवाल्स्का, सगळं कुटुंब कोवाल्स्त्सी. कोवाल्स्कीचा पगार म्हणायचं तर ‘कोवाल्स्किएगो’, बाईंचा पगार तर ‘कोवाल्स्किएय’. एकाच माणसाचं नाव एका पानावर चार रूपांत येतं आणि चारही बरोबर असतात.

कोवाल्चिकचं मात्र तसं नाही. ते नाम आहे, विशेषण नाही. बाईचं आडनावही कोवाल्चिकच राहतं, आणि गंमत म्हणजे बाईच्या बाबतीत त्याला विभक्तीही लागत नाही. पुरुषाला लागते. जुन्या चालीत कोवालची बायको ‘कोवालोवा’ आणि त्याची अविवाहित मुलगी ‘कोवालुव्ना’ म्हणवली जाई. आता ही रूपं म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि जुन्या दाखल्यांवर भेटतात.

उच्चार काय?

रोमन लिपीत मधे डब्ल्यू दिसतो, त्याचा पोलिश उच्चार ‘व’. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: को-वाल्-स्की. कोवाल्चिकमधला ‘चि’ जरा घशाकडून, आपल्या ‘चि’ आणि ‘चु’ यांच्या अधेमधे. जमलं नाही तरी कुणी रागावत नाही.

एवढे लोहार आले कुठून?

आधी आकडे. पोलंडमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव नोवाक, म्हणजे ‘नवा’, गावात नव्याने आलेला. ते दोन लाखांच्या आसपास लोकांचं. दुसरा क्रमांक कोवाल्स्की-कोवाल्स्का, मिळून सव्वा ते दीड लाख. कोवाल्चिक पहिल्या पाचांत, जवळपास लाखभर. म्हणजे पहिल्या पाचांत दोन जागा लोहाराच्या घरात गेल्या.

लोक म्हणतात की लोहार फार होते म्हणून. मला ते उलट वाटतं. गावात शंभर घरं शेतकऱ्यांची असतील तर ‘शेतकरी’ म्हणून कुणाची ओळख पटणार? आडनाव ओळख पटवण्यासाठी असतं, आणि ओळख पटते ती एकट्या माणसाची. जान नावाचे पाच जण असले तरी ‘लोहाराचा जान’ एकच. गावात लोहार एक, म्हणूनच देशात कोवाल्स्की लाखभर.

आणि तो सगळ्यांना लागायचा. त्याची भट्टी बहुधा गावाच्या कडेला, कारण घरं लाकडी आणि छपरं गवताची, ठिणगीची भीती. नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, बिजागऱ्या, घोड्यांच्या नाली सगळं तिथलंच. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवण्याचं काम ज्यांनी लहानपणी आपल्याकडे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, विस्तवात लालभडक करून फुगवायची, दोघा-तिघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायची, हातोड्याने ठोकायची आणि लगेच पाणी मारायचं. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं, आणि आरे-पुट्ठ्यांचे सगळे सांधे करकचून आवळले जातात. हे तंत्र इथे आणि तिथे एकच.

म्हणून तर लोहार हे आडनाव जवळजवळ प्रत्येक भाषेत आहे. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, इटलीतला फेरारी, रशियातला कुझ्नेत्सोव्ह, अरबांचा हद्दाद. हंगेरीतला कोव्हाच तर स्लाव्ह शेजाऱ्यांकडूनच उचललेला शब्द.

‘स्की’ म्हणजे सरदार घराणं असं ऐकलंय. खरं का?

एके काळी बऱ्याच अंशी. पंधराव्या-सोळाव्या शतकात जमीनदार सरदार आपल्या गावावरून आडनाव लावू लागले: तार्नूफ गावचा तो तार्नोव्स्की. त्यामुळे ‘स्की’ला वजन आलं. वजन आलं की नक्कल होतेच. शहरातले व्यापारी, मग कारागीर, शेवटी शेतकरीही ‘स्की’ लावू लागले. कोवाल होता तो कोवाल्स्की झाला. कानाला बरं लागतं, एवढंच कारणही पुरे.

खेड्यातल्या माणसाचं आडनाव पक्कं व्हायला मात्र अठरावं-एकोणिसावं शतक उजाडलं. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड गिळला. मग सैन्यभरतीला आणि करवसुलीला याद्या लागल्या, आणि यादीला आडनाव लागतं. नेपोलियनने उभ्या केलेल्या वॉर्सा संस्थानात १८०८ पासून जन्म-मृत्यू-लग्नाच्या नागरी नोंदी सुरू झाल्या. ज्याला जे म्हणत ते कारकुनाने लिहिलं आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. आमच्या धंद्यातल्या त्या कारकुनाबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्याच्या हातूनही अक्षरं चुकली असणार, आणि त्याचे अर्ज परत यायचे नाहीत.

खरे सरदार कोवाल्स्कीही होते. वेरूश हे कुलचिन्ह लावणारं एक घराणं होतं. त्यातला आल्फ्रेड वेरूश-कोवाल्स्की (१८४९–१९१५) हा म्युनिकमध्ये राहून नावारूपाला आलेला चित्रकार. बर्फात उधळलेल्या घसरगाड्या आणि लांडगे ही त्याची खासियत. पण एक वेरूश-कोवाल्स्की सापडला म्हणून लाखभर कोवाल्स्की सरदार ठरत नाहीत. १९२१ च्या राज्यघटनेने तर सरदारी पदव्याच निकालात काढल्या.

‘जान कोवाल्स्की’ हा कोण? प्रत्येक फॉर्मच्या नमुन्यावर तोच असतो.

तो कुणीच नाही. आपला सोमा-गोमा. बँकेचा नमुना अर्ज, कायद्याच्या पुस्तकातलं उदाहरण, सगळीकडे जान कोवाल्स्की, आणि बाई हवी असेल तर आन्ना कोवाल्स्का. वर्तमानपत्रात ‘सांख्यिकी कोवाल्स्की’ अशी चीज भेटते: हा सरासरी पोलिश माणूस, तो वर्षाला इतके किलो बटाटे खातो वगैरे.

पण खरोखरचा एक जान कोवाल्स्की होऊन गेला, आणि तो सरासरीपासून इतका दूर होता की त्याच्यावर एक वेगळं पान लिहावं. जान मारिया मिखाव कोवाल्स्की (१८७१–१९४२). मूळचा कॅथलिक पाद्री. फेलिक्सा कोझ्वोव्स्का या जोगिणीच्या दृष्टान्तांभोवती मारियावित नावाचा पंथ उभा राहिला, त्याचा हा पुढारी. १९०६ मध्ये रोमने दोघांनाही धर्मबहिष्कृत केलं. १९०९ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला जाऊन याने रोमपासून वेगळ्या झालेल्या जुन्या-कॅथलिक पंथाच्या बिशपांकडून बिशपपद मिळवलं. मग पाद्री आणि जोगिणींना लग्नाची मुभा दिली, स्वतःही केलं, आणि १९२९ मध्ये स्त्रियांना पुरोहितपद दिलं. त्याची पत्नी इझाबेला विवुत्स्का-कोवाल्स्का त्याच वर्षी बिशप झाली. १९२९! पुढे १९३५ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला पदावरून काढलं आणि पंथ दुभंगला. नाझींनी १९४० मध्ये त्याला पकडलं, दाखाउच्या छावणीत ठेवलं, आणि १९४२ मध्ये हार्टहाइमच्या विषारी वायूच्या कोठडीत मारलं. फॉर्मवरचं ते बिनचेहऱ्याचं नाव पाहिलं की मला हाच आठवतो.

संत फॉस्तिना ही कोवाल्स्काच ना?

तीच. वसई, गोवा, मुंबईच्या कॅथलिक घरांतल्या वाचकांना ही ओळखीची. पांढऱ्या झग्यातला येशू, छातीतून निघालेले लाल आणि फिके असे दोन किरण, खाली ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ या अर्थाचं वाक्य. ते चित्र हिच्या सांगण्यावरून निघालं.

हेलेना कोवाल्स्का, जन्म २५ ऑगस्ट १९०५, ग्वोगोविएत्स हे खेडं. दहा भावंडांतली तिसरी. शाळा जेमतेम तीन वर्षं. पोरवयातच लोकांच्या घरी धुणीभांडी करायला लागली. वडील स्तानिस्वाफ कोवाल्स्की शेती करत आणि जोडीला सुतारकाम. म्हणजे आडनाव लोहाराचं आणि हातात रंधा! या आडनावाबद्दल मला जे सांगायचंय ते या एका घरात आहे.

१९२५ मध्ये ती वॉर्सातल्या मठात दाखल झाली. पुस्तकी शिक्षण नसल्याने कामं स्वयंपाकघरातली, बागेतली, दारावरची. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्वोत्स्कच्या मठात तिला तो दृष्टान्त झाला. चित्र काढायला तिला येईना. १९३४ मध्ये विल्नोला, आजच्या विल्नियसला, एउगेनिउश काझिमिरोव्स्की या चित्रकाराने ते तिच्या देखरेखीखाली काढलं. पुरं झाल्यावर ती रडली, कारण पाहिलं होतं तसं ते उतरलं नव्हतं. आपल्या घरांत जी प्रत जास्त दिसते ती बहुधा काझिमिरोव्स्कीची नाहीच. ती आदोल्फ हिवा याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्राकूफच्या मठासाठी काढली.

५ ऑक्टोबर १९३८ ला क्षयाने तिचा मृत्यू झाला. वय ३३. १९५९ मध्ये रोमने तिच्या लेखनावर आणि तिने सांगितलेल्या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली. १९७८ मध्ये ती उठली. ३० एप्रिल २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिलं. तिचे अवशेष क्राकूफच्या वागिएव्निकी भागात आहेत. हे नावही जुन्या सेवेच्या गावांपैकी: पाण्या-दारूची लाकडी भांडी करणाऱ्यांचं गाव. सुताराची पोर, लोहाराचं आडनाव, भांडी करणाऱ्यांच्या गावात समाधी.

खेळाच्या बातम्यांत ‘कोवाल्चिक’ वाचलं होतं. ती कोण?

युस्तिना कोवाल्चिक. जन्म १९८३, दक्षिण पोलंडमधल्या डोंगराळ काशिना विएल्का गावची. खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे बर्फावरून पायांना बांधलेल्या लांब पट्ट्यांवर मैलोन्‌मैल धावणं. आपल्याकडे हा खेळ कुणी फारसा पाहत नाही म्हणून कल्पना येत नाही: नुसते उतार नाहीत, चढही आहेत.

२०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर ती आणि नॉर्वेची मारित ब्योर्गेन खांद्याला खांदा लावून होत्या. तीस किलोमीटरचा निकाल ०.३ सेकंदाने लागला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली पोलिश स्त्री. पोलंडचं आधीचं हिवाळी सुवर्ण १९७२ मधलं होतं.

२०१४ ला सोचीच्या आधी तिच्या पावलाचं हाड मोडलं. तिने क्ष-किरण चित्र फेसबुकवर टाकलं. लोक म्हणाले, संपलं. १३ फेब्रुवारीला ती त्याच पायावर १० किलोमीटर धावली आणि १८ सेकंदांनी जिंकली. या खेळात अठरा सेकंद म्हणजे मागचा माणूस दिसेनासा होतो. शिवाय टूर द स्की ही कित्येक टप्प्यांची शर्यत २०१० ते २०१३ अशी ओळीने चार वर्षं तिची, आणि विश्वचषकाचं एकूण विजेतेपद चारदा. तिचा नवरा, गिर्यारोहक कात्स्पेर तेकिएली, मे २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउ शिखरावर हिमकड्याखाली गेला. ती आता कोवाल्चिक-तेकिएली असं जोडनाव लावते.

कॉम्प्युटरवाले कोवाल्स्की म्हणजे?

रॉबर्ट कोवाल्स्की, जन्म १९४१, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातला. कारकीर्द ब्रिटनमध्ये, आधी एडिंबरा, मग लंडनचं इंपीरियल कॉलेज. अभियांत्रिकीला प्रोलॉग नावाची भाषा ज्यांना घोटावी लागली त्यांनी याला मनोमन शिव्या दिल्या असतील. कॉम्प्युटरला ‘कसं कर’ हे सांगण्याऐवजी ‘काय खरं आहे’ ते सांगायचं, ही त्यामागची कल्पना. राम शामचा बाप, शाम गोविंदाचा बाप, बापाचा बाप तो आजोबा. एवढं लिहिलं की ‘गोविंदाचा आजोबा कोण’ याचं उत्तर यंत्राने स्वतः काढायचं. फ्रान्समधल्या आलँ कोल्मेरोएरच्या गटाने १९७२ च्या सुमारास ही भाषा उभी केली, आणि तर्काचा तिचा पाया कोवाल्स्कीच्या कामातून आला. १९७९ मधलं त्याचं सूत्र प्रसिद्ध आहे: रीत म्हणजे तर्क अधिक नियंत्रण. त्याच्या सहकाऱ्यांसह त्याने ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदाही तर्काच्या नियमांत उतरवून दाखवला.

ओपोलेचे कोवाल्चिक बंधू हे प्रकरण काय?

यावर पोलिश लोकांचंही एकमत नाही. डिसेंबर १९७० मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत कम्युनिस्ट सरकारने संपकरी कामगारांवर गोळ्या चालवल्या. पुढच्या वर्षी ओपोले शहरातल्या अध्यापक महाविद्यालयाच्या सभागृहात पोलीस आणि गुप्त पोलीस खात्याचा वर्धापनदिन साजरा व्हायचा होता. ५ आणि ६ ऑक्टोबर १९७१ च्या मधल्या रात्री ते सभागृह स्फोटाने उडालं. जीवितहानी झाली नाही. स्फोट घडवला येझी कोवाल्चिकने. त्याचा भाऊ रिशार्द तिथेच भौतिकशास्त्र शिकवत होता. येझीला फाशी सुनावली, मग ती २५ वर्षांच्या कैदेवर आली. रिशार्दला २५ वर्षं. दोघेही १९८० च्या दशकात सुटले. कुणी वीर म्हणतं, कुणी म्हणतं स्फोट तो स्फोट. मी कचेरीत हा विषय एकदाच काढला. पुन्हा नाही.

अमेरिकेतले कोवाल्स्की सगळे दांडगे का असतात?

‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटक-सिनेमातल्या, मार्लन ब्रँडोने गाजवलेल्या स्टॅनली कोवाल्स्कीची ही कृपा. गंजीफ्रॉकातला, आरडाओरडा करणारा पोलिश कामगार. तेव्हापासून पटकथेत कष्टकरी, रांगडा माणूस हवा असला की कोवाल्स्की. अलीकडे मुलांना तो ‘मादागास्कर’ कार्टूनमधला उंच, हिशेबी पेंग्विन म्हणून माहीत आहे. हा बदल मला तरी बरा वाटतो.

कुस्तीच्या आखाड्यातला किलर कोवाल्स्की तर जन्माने कोवाल्स्की नव्हताच. कॅनडातल्या विंडसरचा, जन्म १९२६, घरचं आडनाव स्पुल्निक. १९५२ मध्ये माँट्रियलला लढतीत त्याच्या उडीने युकॉन एरिकचा कान तुटला आणि हा रातोरात खलनायक झाला. १९६३ मध्ये त्याने कायद्याने वॉल्टर कोवाल्स्की नाव घेतलं. खाणं शाकाहारी. पुढे त्याने ज्यांना शिकवलं त्यांत ट्रिपल एच होता, हे मात्र आपल्याकडच्या टीव्हीसमोर वाढलेल्या पिढीला सांगायलाच हवं.

सगळ्यांत म्हातारा कोवाल्स्की?

स्तानिस्वाफ कोवाल्स्की, जन्म १९१०. २०१४ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी, व्रोत्सवाफला १०० मीटर धावला: ३२.७९ सेकंद, त्या वयोगटातला युरोपीय विक्रम. २०२२ मध्ये गेला, १११ व्या वर्षी.

ज्यू कुटुंबांतही हे आडनाव असतं का?

असतं. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागात १७८७ पासून ज्यूंना पक्कं आडनाव घेणं सक्तीचं झालं, इतरत्र पुढे. कुणी जर्मन वळणाचं घेतलं, कुणी शेजाऱ्यांच्या भाषेतलं. त्यामुळे आडनावावरून धर्म ओळखायला जाऊ नये.

धंद्यावरून आलेली आणखी कोणती आडनावं भेटतील?

क्राफ्चिक शिंप्याचा, शेफ्चिक मोच्याचा, बेद्नारेक पिंपं करणाऱ्याचा, काच्मारेक रस्त्याकाठच्या गुत्तेवाल्याचा, कोवोजेय्चिक चाकं करणाऱ्याचा. वुय्चिक बहुतेकदा ‘वुय्त’वरून, म्हणजे गावच्या मुख्यावरून, आपल्या पाटलांचा सोयरा म्हणा. आणि वोझ्न्याक हा दरबारी चोपदाराचा किंवा गाडीवानाचा. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वोझ्नियॅक त्यातला.

कोल्हापूरशी काही संबंध?

आडनावाशी थेट नाही, पोलिश माणसांशी आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतांश बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. वॉर्सात आता त्या वळिवड्याचं स्मारक आहे. पोलिश आडनावं मराठी जिभेवर पहिल्यांदा घोळली ती तिथल्या बाजारात असणार.

आज खरे लोहार उरलेत का?

घोडे गेले, तसे नालबंदही गेले. पण लुब्लिनजवळच्या वोइचेखूफ गावात लोहारकामाचं संग्रहालय आहे आणि दर उन्हाळ्यात देशभरचे लोहार तिथे भट्ट्या पेटवतात. आता घडतात ती फाटकं, जिन्याचे कठडे, शोभेच्या वस्तू.

लोहार म्हणींत मात्र ठाम बसलाय. ‘प्रत्येक जण आपल्या नशिबाचा लोहार’ ही शाळेतल्या फळ्यावरची. दुसरी जास्त खरी: ‘गुन्हा लोहाराचा, फाशी जिप्सीला.’ गावात लोहार एकच, त्याला लटकवला तर नाली कोण ठोकणार! आपण यासाठी ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ म्हणतो.

शेजारी कोवाल्स्की राहतात. हाक कशी मारू?

पुरुषाला ‘पान’, बाईला ‘पानी’. हसू आलं तरी आवरा. पण आडनाव लावून ‘पान्ये कोवाल्स्की!’ अशी हाक मारू नका. ती हवालदाराने दटावल्यासारखी लागते. ओळख असेल तर ‘पान’पुढे पहिलं नाव, नसेल तर नुसतं ‘प्रोशेन पाना’. आणि जिन्यात भेटल्यावर ‘जेन दोब्री’ म्हणायला विसरू नका. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोवाल्स्का आजी त्याचा हिशेब ठेवतात.